अर्ज करण्याआधीचा ठराव

(छत्रपती संभाजीनगर येथे मराठवाड्यातील महिला गटांच्या शिबिरात केलेले भाषण. बोलण्याची भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)



शिबिराच्या पत्रकात माझ्या सत्राला ‘खाजगी धर्मादाय ट्रस्टकडे अनुदानासाठी अर्ज कसा करावा’ असे नाव दिले आहे. सकाळपासून पोटगी, हुंडा, सातबाऱ्यावर बाईचे नाव अशा विषयांवर तावातावाने बोलणाऱ्या बायका पैशाचे सत्र आले की चहाला उठतात, असा माझा अनेक वर्षांचा अनुभव आहे. आज मात्र तुम्ही सगळ्या बसून आहात. कारण उघड आहे. या खोलीतल्या बऱ्याच गटांचे जागेचे भाडे थकले आहे आणि कार्यकर्त्यांना मानधन कुठून द्यायचे, हा प्रश्न दर महिन्याला उभा राहतो आहे.

अर्ज कसा करायचा ते मी सांगणारच आहे. पण त्याआधी एक गोष्ट. अर्ज लिहायला बसण्याआधी गटाची बैठक घ्या, आणि पैशाच्या बदल्यात आपण काय देणार नाही ते ठरावाच्या वहीत लिहून, सगळ्यांच्या सह्या घ्या. पैसा दाराशी आल्यावर हे ठरवणे फार जड जाते. माझे बाकीचे सगळे बोलणे या एका ठरावाभोवतीच आहे.

पैसा मागणे नवे नाही

काही जणींना वाटते की देणगीदार, प्रस्ताव, अटी हे सगळे अलीकडचे खूळ आहे. तसे नाही. पंडिता रमाबाई अमेरिकेत गेल्या, तिथे गावोगाव बोलल्या, आणि १८८७ साली बोस्टनमध्ये ‘रमाबाई असोसिएशन’ उभी राहिली. तिने दहा वर्षे मदतीचा शब्द दिला. त्या जोरावर १८८९ साली मुंबईत शारदा सदन सुरू झाले आणि पुढच्या वर्षी ते पुण्याला गेले. पैसा बोस्टनचा, सल्लागार मंडळी इथली, आणि सदनात राहणाऱ्या मुली उच्चवर्णीय विधवा. सदनाने धर्माच्या बाबतीत तटस्थ राहायचे ही अट होती. रमाबाईंच्या प्रार्थनेला मुली बसतात यावरून वाद पेटला आणि १८९३ मध्ये रानडे, भांडारकरांसारखे सल्लागार बाहेर पडले. कोण बरोबर, कोण चूक हा वाद आज इथे नको. आपल्यासाठी एवढेच पाहा की देणारा, सल्ला देणारा आणि काम करणारी, तिघांनाही संस्था आपली वाटत होती. दहा वर्षांची मुदत संपत आली तेव्हा, १८९८ मध्ये, रमाबाई पुन्हा अमेरिकेला गेल्या आणि तिथे मदतीची नवी व्यवस्था लावून आल्या. मुदत संपण्याच्या आत पुढची सोय करायची असते, हे त्यांना कळत होते.

दुसरे उदाहरण महर्षी कर्व्यांच्या महिला विद्यापीठाचे. ते १९१६ साली पुण्याजवळ हिंगण्याला सुरू झाले. वर्गण्यांवर ते कसेबसे चालत होते. १९२० साली सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी १५ लाखांची देणगी देऊ केली. तिच्या अटी होत्या. विद्यापीठाला आईचे, श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी यांचे नाव द्यायचे आणि मुख्य ठाणे पुढे मुंबईला न्यायचे. नाव लगेच लागले, ठाणे १९३६ मध्ये हलले. त्या पैशावर किती मुली शिकल्या हे आपण जाणतोच. म्हणून अट म्हटली की वाईटच असे मी म्हणणार नाही. नावाची पाटी आणि कचेरीची जागा देता येते. मुलींनी काय शिकायचे आणि कुणी शिकायचे हे देणाऱ्याच्या हाती द्यायचे की नाही, हा निराळा प्रश्न आहे. कोणती अट पाटीची आणि कोणती कामाच्या गाभ्याची, हे ओळखता आले पाहिजे.

आणि ज्या मैत्रिणी म्हणतात, अनुदान नकोच, त्यांच्याबद्दल मला आदर आहे. मुंबईत १९८० साली सुरू झालेला नारी अत्याचार विरोधी मंच सभासदांच्या वेळावर आणि वर्गणीवर चालत आला आहे. त्यामुळे कुणाच्याही दडपणाशिवाय त्यांना बोलता आले. पण फुकट काम कोण करू शकते, तेही विचारू या. जिच्या घरी दुसरा पगार आहे किंवा जिला स्वतःची नोकरी आहे, ती करू शकते. मुकुंदवाडीतली धुणीभांडी करणारी, सिल्लोड-कन्नडकडची मजुरीवर जाणारी, दलित, मुस्लिम, भटक्या जमातीची बाई दिवसभर फुकट समुपदेशन करू शकत नाही. तिला मानधन नसेल तर गटाचे नेतृत्व आपोआप पगारदार घरातल्या बायकांकडे जाते. म्हणून मी पैसा घेण्याच्या बाजूची आहे, पण ठराव करून घेण्याच्या.

आताच हा प्रश्न का आला

पूर्वी आपल्यापैकी बऱ्याच छोट्या गटांना मोठ्या संस्थांमार्फत परदेशी निधीचा थोडा वाटा मिळत असे. २०२० साली परकीय योगदान नियमन कायद्यात दुरुस्ती झाली आणि परदेशी निधी एका संस्थेने दुसरीला देणे बंद झाले. प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आली. परदेशी निधी प्रथम दिल्लीत स्टेट बँकेच्या एका ठरावीक शाखेतच जमा करायचा, असा नियम आला. खेड्यातल्या गटापर्यंत येणारा झरा त्यामुळे आटला. म्हणून आता देशातले खाजगी ट्रस्ट आणि कंपन्यांचा सामाजिक निधी, याच दोन दारांशी सगळ्यांची गर्दी आहे.

या दोन दारांतला फरक समजून घ्या. जुना खाजगी ट्रस्ट कुणाच्या तरी मृत्युपत्रातून किंवा न्यासपत्रातून उभा राहिलेला असतो. सर रतन टाटा ट्रस्ट १९१९ चा, सर दोराबजी टाटा ट्रस्ट १९३२ चा. त्यांना स्वतःचे उद्देश असतात आणि काय द्यायचे ते विश्वस्त ठरवतात. कंपनीचा निधी कायद्याने येतो. कंपनी कायदा २०१३, कलम १३५. निव्वळ नफा ५ कोटी, किंवा उलाढाल १००० कोटी, किंवा नक्त मूल्य ५०० कोटी, यांपैकी एक जरी असेल तरी कंपनीने मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करायची. त्याच कायद्याच्या सातव्या अनुसूचीत स्त्री-पुरुष समानता, स्त्रियांचे सबलीकरण, स्त्रियांसाठी घरे आणि वसतिगृहे हे विषय स्पष्ट लिहिलेले आहेत. शिवाय कंपनीने आपल्या आसपासच्या भागाला प्राधान्य द्यावे असे कायदा म्हणतो. वाळूज, चिकलठाणा, शेंद्रा इथल्या कारखान्यांकडे जाताना आपण भीक मागायला जात नाही, एवढे ध्यानात ठेवा. अनुसूची सातची प्रत पिशवीत ठेवा. ‘आम्ही फक्त शिलाई मशीन देतो’ असे कुणी म्हटले तर ती काढून दाखवा.

आमच्या गटाने काय केले

आता आमचे सांगते. आम्ही समुपदेशन केंद्र चालवतो. मारहाण, घरातून हाकलणे, संशय, दुसरे लग्न, अशा तक्रारी घेऊन बायका येतात. घाटीत दाखल झालेल्या बाईचा निरोप आला की आमची एकजण तिकडे जाते. एका ट्रस्टने, नाव घेत नाही, दोन वर्षांचे अनुदान द्यायची तयारी दाखवली. त्यांचे अधिकारी सज्जन होते, दोनदा येऊन बसले. मग अहवालाचा नमुना आला. त्यात एक रकाना होता, ‘मिटवलेली प्रकरणे’. त्या रकान्यात दरमहा किती आकडा भरायचा तेही लिहिले होते. दुसऱ्या कागदावर मागणी होती : लाभार्थी महिलांची नावे, पत्ते आणि छायाचित्रे.

मिटवलेले प्रकरण म्हणजे काय? व्यवहारात त्याचा अर्थ एकच होतो, बाई नांदायला परत गेली. एखादी बाई पहिल्या दिवशी सांगते, मला फक्त माझे दागिने आणि मुलीचा शाळेचा दाखला काढून द्या. तिचे ते काम झाले, ती माहेरीही गेली नाही, खोली घेऊन राहिली, तर ते प्रकरण त्या रकान्यात बसत नाही. उलट मार खायला परत गेलेली बाई बसते. महिनाअखेरीला आकडा कमी पडला की समुपदेशक बाईच्या तोंडून ‘जरा सांभाळून घे ना’ हे वाक्य यायला वेळ लागत नाही. तिचे मानधन त्या आकड्यावर असते. सासू, भाऊ, जमातीची पंचायत, पोलिस ठाण्यातला हवालदार, सगळे बाईला हेच सांगत आलेले असतात. तेच सांगणारी आणखी एक जागा आपण अनुदान घेऊन उघडायची का?

छायाचित्रांचेही तसेच. कौटुंबिक हिंसाचारापासून संरक्षण देणारा कायदा २००५ सालचा. त्याच्या १६ व्या कलमात सुनावणी बंद दाराआड घेण्याची सोय आहे. न्यायालय ज्या बाईसाठी दार लावून घेते तिचा फोटो आपण रंगीत अहवालात छापणार काय?

आमच्या बैठकीत यावर तीन संध्याकाळी बोलणे झाले. सोपे नव्हते. दोघी कार्यकर्त्यांचे मानधन थकलेले. एकजण म्हणाली, “ताई, तत्त्वाने गॅसची टाकी भरत नाही.” ती खोटे बोलत नव्हती. शेवटी ठराव झाला. ‘मिटवलेली प्रकरणे’ हा रकाना आम्ही भरणार नाही, त्याऐवजी तीन रकाने देऊ : बाईने पहिल्या दिवशी काय मागितले, त्यातले काय झाले, आणि तीन महिन्यांनी ती सुरक्षित आहे का, हे तिच्याच शब्दांत. नावाऐवजी नोंदणी क्रमांक देऊ. तपासणीला कुणी आले तर नाव झाकून नोंदवही दाखवू. फोटो देणार नाही.

ट्रस्टने नम्रपणे नकार कळवला. पुढचे नऊ महिने आम्ही वर्गणीवर काढले. त्या काळात एक चांगली कार्यकर्ती शाळेच्या पोषण आहाराच्या कामावर गेली, ती परत आली नाही. ही किंमत आहे, आणि ती आमच्यातल्या सर्वांत गरीब बाईने भरली. म्हणून ठराव करताना किंमत कोण भरणार हेही लिहा. तेच तीन रकाने लावून पुढे दुसऱ्या एका ट्रस्टकडे अर्ज केला. त्यांनी ते स्वीकारले, इतकेच नव्हे तर बाकीच्या संस्थांसाठी नमुना मागून नेला. देणारेही शिकतात, पण आपण लिहून दिले तर.

कागद आणि हिशेब

आता कामाचे बोलू. वही काढा.

पहिले, नोंदणी. महाराष्ट्रात आपल्यासारख्या संस्थांची नोंदणी बहुधा १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली आणि १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली अशी दोन्हीकडे असते. धर्मादाय आयुक्तांच्या कचेरीत विश्वस्तांची जी नावे आहेत तीच आज काम पाहतात का, ते तपासा. बदल झाला की ९० दिवसांत बदल अर्ज द्यायचा असतो. कित्येक गटांत अध्यक्ष वारल्या, सचिव लग्न होऊन गेल्या आणि कागदावर त्याच आहेत. अर्ज इथेच अडतो.

दुसरे, आयकर. ज्याला आपण सगळ्या ‘बारा-ए’ आणि ‘ऐंशी-जी’ म्हणतो ती नोंदणी २०२१ पासून मुदतीची झाली आहे, तिचे नूतनीकरण लागते. २०२५ च्या नव्या आयकर कायद्याने कलमांचे आकडेही बदलले. आपल्या सीएला विचारून मुदतीची तारीख भिंतीवर लिहा. कंपनीचा निधी हवा असेल तर ‘सीएसआर-१’ ही नोंदणी लागते.

तिसरे, शहराचे नाव २०२३ मध्ये बदलले. तुमच्या नोंदणीपत्रावर औरंगाबाद आहे आणि नव्या पत्रव्यवहारात छत्रपती संभाजीनगर. अर्जात दोन्ही लिहा, म्हणजे कागद जुळत नाहीत अशी हरकत येणार नाही.

ज्यांची नोंदणी नाही त्यांनी मैत्रीतल्या नोंदणीकृत संस्थेमार्फत अर्ज करावा, पण तोंडी बोलीवर नको. पैसे कधी मिळतील, पावत्या कुणाकडे राहतील, काम कुणाच्या नावावर, हे साध्या कागदावर लिहून सह्या घ्या. मैत्री टिकवायची असेल तर लिहाच.

आता अंदाजपत्रक. इथे आपण बायका हमखास कमी मागतो. घरखर्चात काटकसर करायची सवय अर्जातही येते. फळ्यावर एक नमुना मांडते. दोन कार्यकर्त्या, प्रत्येकी महिना १२,००० रुपये, वर्षाचे २,८८,०००. जागेचे भाडे महिना ५,०००, म्हणजे ६०,०००. प्रवास आणि फोन महिना ३,०००, म्हणजे ३६,०००. कोर्ट, दवाखाना, रात्री-अपरात्री रिक्षा, बाईला एक रात्र ठेवायची सोय, यासाठी ४०,०००. हिशेब तपासणी २०,०००. कार्यकर्त्यांचे प्रशिक्षण ३६,०००. बेरीज ४,८०,०००. समजा वर्षाला १६० बायका आल्या, तर बाईमागे ३,००० रुपये. हा आकडा ते विचारतातच, तेव्हा आपणच आधी द्या. सोबत एक वाक्य लिहा की एकच बाई चौदा वेळा येते आणि एखादी कोर्टात तीन वर्षे झुलते.

मानधनाच्या रकान्यावर कात्री लागते, हे धरून चाला. ‘प्रशासकीय खर्च’ म्हणून तो मोजला जातो. तिथे ठाम राहा. समुपदेशन केंद्रात कार्यकर्तीच काम असते. शाळेच्या अंदाजपत्रकात शिक्षकाचा पगार कुणी वरखर्च म्हणून कापत नाही. मानधन, प्रवास, फोन हे कार्यक्रमाच्या खर्चात दाखवा.

अर्ज लिहिताना

ज्यांच्याकडे अर्ज करायचा त्यांनी मागच्या दोन-तीन वर्षांत कुणाला, कशासाठी, किती दिले ते आधी वाचा. शेतीच्या तळ्यांना देणाऱ्याकडे हिंसेचे काम घेऊन गेलात तर दोघांचाही वेळ जातो. पहिले पत्र दोन पानांचे असू द्या. आम्ही कोण, कुठे, किती वर्षे, कोणत्या बायका येतात, काय करू, किती पैसे, पैसे संपल्यावर काय. मराठीतून विचार करून मराठीतच आधी लिहा. इंग्रजी मागत असतील तर नंतर कुणाकडून करून घ्या, पण बैठकीत मराठी मसुदा वाचून दाखवा. जी कार्यकर्ती ते काम करणार तिला अर्जात काय कबूल केले आहे हे माहीत नसेल, तर तो अर्ज गटाचा नव्हे.

‘पीडित’, ‘अबला’, ‘उद्धार’ हे शब्द वापरले की पैसे लवकर मिळतात, असे एकीने मला सांगितले होते. मिळतही असतील. पण तो अर्ज उद्या त्याच बाईने वाचला तर तिला काय वाटेल?

‘पैसे संपल्यावर काय’ या प्रश्नाला खोटे उत्तर देऊ नका. मार खाल्लेल्या बाईकडून फी घेऊन केंद्र स्वावलंबी होत नाही. इथे मी नेहमी एक दाखला देते. टाटा समाजविज्ञान संस्था १९३६ साली सर दोराबजी टाटा ट्रस्टच्या पैशातून सुरू झाली. तिने १९८४ मध्ये मुंबई पोलिस आयुक्तालयात महिला व मुलांसाठी विशेष कक्ष काढला. पुढे २००५ मध्ये राज्य शासनाने तो आपला म्हणून स्वीकारला. म्हणजे सुरुवातीचा धोका एखाद्या संस्थेने घ्यायचा, काम करून दाखवायचे आणि मग ती जबाबदारी शासनाच्या गळ्यात घालायची. आपल्या अर्जातही तसेच लिहा : या दोन वर्षांत आम्ही जिल्हा महिला व बालविकास कार्यालयाकडे हा पाठपुरावा करू.

पैसे मिळाल्यावर वेगळी खातावही ठेवा, पावत्या दर आठवड्याला लावा, अहवाल तारखेच्या आत द्या. काही बिघडले, ठरल्याप्रमाणे झाले नाही, तर वर्षअखेरची वाट न पाहता कळवा. आणि वर्षाच्या एकूण खर्चाचा निम्म्याहून जास्त भाग एकाच ट्रस्टकडून येऊ देऊ नका. त्या बाजूला वर्गणी हवीच. वस्तीतल्या बाईचे महिन्याचे दहा रुपये हिशेबात लहान दिसतात. पण ती पावती घेणारी बाई वार्षिक सभेत उठून विचारते की आमच्या केंद्राचे काय चालले आहे. ट्रस्टचा अधिकारी तसे विचारायला दोन वर्षांतून एकदा येतो.

शेवटची सूचना. एकाच ट्रस्टच्या दाराशी आपण पाच गट उभ्या असतो आणि एकमेकींना सांगत नाही. अर्ज लपवतो, नकार तर त्याहून लपवतो. त्यामुळे प्रत्येक गट एकटा वाटाघाटी करतो आणि एकटा वाकतो. ‘मिटवलेली प्रकरणे’ हा रकाना पाचही गटांनी मिळून नाकारला असता तर आमची ती कार्यकर्ती कदाचित गेली नसती. म्हणून माझा प्रस्ताव असा. पुढच्या बैठकीला प्रत्येक गटाने तीन कागद आणावेत : मंजूर झालेला एक अर्ज, नाकारलेला एक अर्ज, आणि आपण काय देणार नाही त्याचा ठराव. ते सगळे एका फाइलीत लावू. ज्या गटाला गरज पडेल त्याने ती फाइल न्यावी. आणि बाईचे नाव, तिचा फोटो, तिने परत जायचे की नाही हा तिचा निर्णय, एवढे तरी जिल्ह्यातला कुठलाही गट पैशासाठी देणार नाही, हे आज इथेच हात वर करून ठरवू या.

ज्यांना मान्य आहे त्यांनी हात वर करा. ज्यांना नाही त्यांनी आधी बोला, आपल्याकडे अजून अर्धा तास आहे.